मृत साठा आणि जिवंत मासा

उन्हाळा तापू लागला की वर्तमानपत्रांच्या आतील पानांवर एक छोटी बातमी ठरल्यासारखी उगवते. अमुक गावच्या तळ्यात हजारो मासे मृतावस्थेत तरंगताना आढळले, परिसरात दुर्गंधी पसरली, विषप्रयोगाचा संशय व्यक्त होत आहे, पाण्याचे नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले आहेत. त्या नमुन्यांचे पुढे काय झाले, हे वाचकाला सहसा कळत नाही. चार दिवसांनी दुर्गंधी जाते आणि बातमीही जाते. मागे उरतो तो ज्याने पावसाळ्यात कर्ज काढून तळ्यात बीज सोडले तो मच्छीमार. त्याच्या वर्षभराच्या मिळकतीला विष कोणी घातले, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

वस्तुस्थिती अशी आहे की, अशा पुष्कळ प्रसंगी विष घालणारा कोणी नसतो. तापलेले पाणी आणि त्यातून निघून गेलेला प्राणवायू एवढे दोन गुन्हेगार मासा मारण्यास पुरेसे असतात. परंतु ऊन हे दैवी संकट आहे असे म्हणून हात झटकता येतील, अशीही स्थिती नाही. ऊन आपल्या हाती नाही हे खरे. पण पाण्याची खोली आपल्या हाती आहे. तळ्यातील मासा उन्हाळ्यात जगतो की मरतो हे बव्हंशी त्या खोलीवर ठरते, आणि ती किती राखावयाची याचा निर्णय आजवर माशाचा विचार न करता होत आला आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे.

गिरगावकरांचा याच्याशी संबंध काय?

फणसवाडीत, ठाकूरद्वारी किंवा लालबाग-परळला राहणाऱ्या मराठी माणसाला गोड्या पाण्यातील माशाविषयी फारशी आस्था नाही, हे मान्य केले पाहिजे. त्याचा मूळ गाव बहुधा कोकणात. त्याची जीभ बोंबील, बांगडा, सुरमई, पापलेट यांवर पोसलेली. रोहू-कटल्याला चिखलाचा वास येतो, असे सांगून तो पुढच्या टोपलीकडे वळतो. सरकारचीही अभिरुची याहून वेगळी नाही. २०२३ साली महाराष्ट्राने राज्य मासा म्हणून पापलेटाचीच निवड केली.

परंतु आकडे जिभेचे ऐकत नाहीत. २०२२-२३ या वर्षी भारतात सुमारे १७५ लाख टन मासळीचे उत्पादन झाले. त्यातील सुमारे १३१ लाख टन मासळी नद्या, तळी, जलाशय यांतून, म्हणजे देशाच्या अंतर्भागातून आली. समुद्राचा वाटा पाव हिश्शाच्या आसपास राहिला. जगाचेही चित्र त्याच दिशेने पालटत आहे. माणसाने पोसलेल्या जलचरांचे उत्पादन पकडलेल्या जलचरांच्या उत्पादनापेक्षा अधिक झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२२ या वर्षासाठी प्रथमच केली. मुंबईच्या बाजारांत आंध्रच्या तळ्यांतून बर्फात येणारे रोहू-कटला आणि त्याहून स्वस्त अशी चिलापी आता नवलाची राहिलेली नाही. पापलेटाचा भाव मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर जात असताना ज्या घरांत आठवड्यातून एकदा तरी मासळी शिजावी अशी इच्छा असते, त्या घरांचा भार उत्तरोत्तर तळ्यातल्या माशावर पडणार हे उघड आहे. तेव्हा तळ्यातील मासा उन्हाने मरतो, ही बातमी दूरच्या गावाची असली तरी तिचा शेवट आपल्या ताटात होतो.

मासे श्वास कोंडून कसे मरतात, हे पाहण्यासाठी गिरगावकराला फार लांब जावे लागत नाही. वाळकेश्वरच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्या गेल्या काही वर्षांत अनेकदा आल्या. तेथे कारण उन्हाचे नव्हते. पिंड, भात, फुले यांसारखे पाण्यात पडलेले अन्न कुजताना त्यातील प्राणवायू खर्च झाला आणि मासे गुदमरले. निमित्त निराळे, पण मरणाची रीत तीच. बाणगंगेत जे श्रद्धेच्या भाराने होते, ते विदर्भाच्या किंवा सोलापूरच्या तळ्यांत वैशाखाच्या तापाने होते.

पहाटेचे मरण

मासा शीतरक्ती प्राणी आहे. आपल्या शरीराची ऊब आपण राखतो तशी तो राखू शकत नाही; पाणी जितके तापते तितका तो तापतो. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीरातील व्यवहार साधारणपणे दुप्पट वेगाने चालू लागतात आणि प्राणवायूची गरज त्याच प्रमाणात वाढते. नेमक्या त्याच वेळी पाण्याची प्राणवायू धरून ठेवण्याची शक्ती घटते. २० अंश सेल्सिअसला गोडे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते. ३० अंशांना साडेसात. ३५ अंशांना सातहूनही किंचित कमी. म्हणजे खर्च वाढत असता आवक घटते. मर्यादित पगारात वाढत्या महागाईशी झुंजणाऱ्या कारकुनाला ही स्थिती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मुंबईच्याच केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेतील संशोधकांनी रोहू, कटला आणि मृगळ या आपल्या तीन प्रमुख माशांना २६ ते ३६ अंशांच्या निरनिराळ्या तापमानांना सरावून त्यांची उष्णता सहन करण्याची शक्ती आणि प्राणवायूचा खर्च मोजला. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. या जाती काही नाजूक नाहीत. उष्ण देशाच्या पाण्यात त्या वाढल्या आहेत आणि तिशीच्या आसपासचे पाणी त्यांना मानवते. पण तेहतीस अंशांपर्यंत त्यांचा प्राणवायूचा खर्च चढत गेला आणि छत्तीस अंशांना तो उलट घसरला. अन्यत्र घसरण म्हणजे बचत. येथे तिचा अर्थ शरीराने माघार घेतली असा होतो. शिवाय प्रयोगशाळेतील टाकीत हवा सतत सोडलेली असते. गावच्या तळ्यात ती सोय नाही, आणि म्हणून प्रयोगशाळेत जे तापमान मासा सोसतो तेच तळ्यात त्याचा जीव घेऊ शकते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण तिच्यामुळेच उन्हावरचा आळ टळतो. उन्हाने मरणारा मासा बहुधा दुपारी मरत नाही. तो पहाटे मरतो. दिवसा पाण्यातील हिरवे शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करते आणि तळे कसेबसे श्वास घेते. सूर्य मावळला की तेच शेवाळ प्राणवायू देणे थांबवून घेऊ लागते. मासे घेतात, तळाचा कुजणारा गाळ घेतो, शेवाळही घेते, आणि भर घालणारे कोणी नसते. सूर्योदयापूर्वीच्या तासाभरात पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी होतो. लिटरमागे पाच मिलिग्रॅम असावा तेथे तो दोनवर, एकवर येतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागतात आणि फटफटेपर्यंत उलटे होतात. रात्री कोणीतरी येऊन गेले असावे, हा संशय येथूनच जन्मतो. रात्रीचा उकाडा जसजसा वाढत जातो आणि पाणी रात्रीही निवत नाही, तसतसा हा पहाटेचा तास अधिक घातक होत जातो.

दुसरा घातक प्रसंग वळवाच्या पावसाचा. उन्हाळ्यात तळ्याचे वरचे पाणी तापून हलके होते आणि तळाचे थंड, जड पाणी खाली कोंडून राहते. त्या तळाच्या पाण्यातील प्राणवायू हळूहळू संपतो. वादळवाऱ्यासह एखादी जोरदार सर आली की वरचे पाणी एकाएकी थंड होऊन खाली बसते आणि खालचे निःसत्त्व पाणी घुसळून वर येते. मनुष्याला ज्या सरीने सुटल्यासारखे वाटते, तिनेच मासा गुदमरतो. ऑस्ट्रेलियात मेनिंडी येथे डार्लिंग नदीत जानेवारी २०१९ मध्ये लक्षावधी मासे मेले, तेव्हा कडक उन्हानंतर अचानक आलेल्या थंडाव्याने पाण्याचे थर मिसळणे हेच एक प्रमुख कारण आढळले होते.

न मेलेल्या माशाचे नुकसान

मेलेला मासा निदान बातमीत तरी येतो. त्याहून मोठे नुकसान जो मरत नाही त्याचे होते, आणि त्याची नोंद कोठेच होत नाही. तापलेल्या पाण्यात माशाची भूक मंदावते. टाकलेले खाद्य तळाशी जाऊन कुजते. त्यातून आणि माशांच्या उत्सर्गातून अमोनिया तयार होतो. अमोनियाचा सर्वच अंश विषारी नसतो. पण पाण्याची आम्लता-अल्कता तीच राहिली तरी २० अंशांचे पाणी ३० अंशांवर गेले की त्यातील विषारी अंश जवळजवळ दुप्पट होतो. तो माशाचे कल्ले जाळतो. श्वास घेण्याचे साधनच जळल्यावर प्राणवायूचा तुटवडा अधिकच जाणवतो.

अशा सततच्या ताणाखाली माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल या द्रव्याचे प्रमाण वाढते. थोड्या वेळासाठी ते उपयोगी असते. दीर्घकाळ राहिले तर रोगाशी लढण्याची शक्ती खच्ची करते. एरवी पाण्यात मुकाट्याने राहणारे एरोमोनाससारखे जंतू मग उचल खातात; अंगावर लाल चट्टे पडतात, खवले सुटतात, पोट फुगते. माशाच्या अंगाला चिकटून रक्त पिणारी अर्ग्युलस नावाची माशांची ऊ उबदार पाण्यात आपले जीवनचक्र लवकर पुरे करते आणि तिची पिढी त्वरेने वाढते. मासा मरत नाही. पण ज्या मुदतीत तो किलोभर व्हावयाचा त्या मुदतीत तो अर्धा किलोवरच अडतो आणि चट्टे पडल्याने बाजारात निम्म्या भावाने जातो. शाळेत एखादा मुलगा नापास झाला तर हजेरीपटावर दिसते. उपाशीपोटी बसल्यामुळे ज्याचे डोके चालत नाही तो मात्र पास होत राहतो आणि त्याचे नुकसान कोणाच्याच वहीत लिहिले जात नाही. तापल्या तळ्यातील माशाचे असेच आहे.

उन्हाळा नेहमीचाच आहे, विदर्भात तो काही आज अवतरला नाही, असे कोणी म्हणेल. हे अर्धसत्य आहे. २३ मे २०१३ रोजी नागपूरला ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली, तेव्हा ती विक्रमी म्हणून गाजली. पण माशाच्या दृष्टीने एखाद्या दिवसाच्या विक्रमापेक्षा उन्हाळ्याची लांबी अधिक महत्त्वाची. देशातील कमाल तापमानाच्या सरासरीच्या दृष्टीने मार्च २०२२ हा १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. २०२४ हे वर्ष भारतात १९०१ पासूनचे सर्वांत उष्ण वर्ष म्हणून नोंदले गेले. मच्छीमाराचे गणित मे महिन्याच्या तापावर बसविलेले होते. तो ताप आता फाल्गुनातच दार ठोठावतो. त्या वेळी मासा पुरता वाढलेला नसतो आणि विकायचा म्हटले तर वजन भरत नाही.

कोहळींचे तलाव, ढिवरांचे पोट

या प्रश्नाचे खरे क्षेत्र भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत आहे. गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी येथे हजारो तलाव बांधले. नवेगाव बांधाचा तलाव हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे तो मुंबईच्या वाचकालाही ठाऊक आहे. हे तलाव धानाच्या शेतीसाठी बांधले गेले. पण त्यांच्या काठी ढिवर समाज मासे पकडून जगत आला. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यांचे नाव तेवढे मागे राहिले: माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’.

नावात मामा असला तरी मायेने पाहणारा कोणी उरला नाही. दरवर्षी पात्रातला गाळ काढून शेतात नेण्याची जुनी रीत मोडली. तलाव उथळ होत गेले. काठावर बेशरमाची झुडपे माजली. आणि पाण्याची मालकी व माशांची मालकी अशा दोन वेगळ्या वह्या झाल्या. पाणी केव्हा व किती सोडावयाचे हे सिंचनाच्या हिशेबाने ठरते. मासे धरण्याचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो. ठेक्याची रक्कम ती भरते, बीज ती सोडते. उन्हाळी धानासाठी तलाव उपसला गेला की तिच्या माशांच्या डोक्यावर हातभर पाणी उरते. एवढे उथळ पाणी दुपारच्या हवेबरोबर तापते आणि त्यात निवाऱ्याला थंड कोपरा राहत नाही. जी संस्था तलावातील माशांचे भाडे भरते, तिला त्याच तलावातील पाण्याच्या पातळीविषयी शब्द टाकण्याचा अधिकार नसावा, हा विपर्यास नाही तर काय?

पाटबंधाऱ्यांच्या भाषेत एक शब्द आहे: ‘मृत साठा’. कालव्याच्या तोंडाखाली राहणारे, सिंचनाला न मिळणारे पाणी म्हणजे मृत साठा. हा शब्द ज्याने योजला त्याने तो पिकाच्या दृष्टीने योजला. माशाच्या दृष्टीने तोच जिवंत साठा होय. उन्हाळ्यातले त्याचे सारे जिणे त्यातच असते. सोलापूर जिल्ह्यातील उजनीचे उदाहरण घ्या. त्या धरणाच्या एकूण पाण्यापैकी निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ अब्ज घनफूट पाणी मृत साठ्यात मोडते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीची पातळी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, म्हणजे मृत म्हटलेल्या साठ्यातूनही मोठा हिस्सा खर्च झाला. सोलापूरला पिण्याचे पाणी हवे, पिके जळू लागली होती, हे सर्व खरे. तथापि, त्या जलाशयावर पोट असणाऱ्या मच्छीमारांचा उल्लेख त्या वर्षीच्या पाणीवाटपाच्या वादात कितीसा झाला, हे वाचकांनी आठवून पाहावे. देशी मासा हटत गेला आणि काटक चिलापीने तेथे बस्तान बसविले, याचीही खंत फार थोड्यांना आहे.

पाणी उपसल्याने काय होते याचा धडा त्याच उन्हाळ्यात व्हिएतनामने घेतला. डोंग नाय प्रांतातील सोंग मे जलाशयात एप्रिल २०२४ च्या अखेरीस सुमारे २०० टन मासे मेले. तेथे उष्णतेची लाट होती, हे खरेच. पण खालच्या शेतीसाठी पाणी सोडल्याने जलाशय आधीच उथळ झाला होता आणि त्यात दुरुस्तीसाठी गाळ उपसण्याचे काम सुरू होते. लाट आकाशातून आली; तिला मारक बनविले ते माणसाच्या वेळापत्रकाने.

करता येण्याजोगे

मग करावे काय? पाणी पिकाला देऊ नका, माशाला द्या, असे कोणी म्हणत नाही. पिण्याचे पाणी पहिले, हा क्रम कोणत्याही सुबुद्ध माणसाला मान्यच होईल. मागणी याहून फार छोटी आहे: प्रत्येक तलावात एक डोह राखावा. तलावाच्या पात्राचा एखादा भाग पुरुषभर किंवा त्याहून अधिक खोल ठेवावा आणि त्या पातळीखालील पाणी उन्हाळ्यात उपसू नये. वरचे पाणी तापले तरी खोलातले निवते राहते आणि मासा तेथे आसरा घेतो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ काढला जातोच. तो सरसकट सपाट खरवडण्याऐवजी योग्य जागी खोल डोह पाडीत काढला, तर वेगळा पैसा लागणार नाही. गाळ शेताला, डोह माशाला, अशी ती विभागणी होईल. अर्थात तलावात मासे असताना हे काम कडक उन्हात करू नये, हा सोंग मेचा धडा विसरता कामा नये.

ही कल्पना परकी नाही. कोकणातून आलेल्या गिरगावकराला ‘कोंड’ हा शब्द अपरिचित नसावा. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तेथील मासे देवीचे म्हणून कोणी मारीत नाही आणि उन्हाळ्यात नदी आटली तरी त्या खोल पाण्यात ते तग धरतात. आपल्या पूर्वजांनी जे देवाच्या नावाने राखले, ते आपण निदान नियमाच्या नावाने राखावे.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. मोठे झालेले मासे फाल्गुनातच काढून विकावेत, तळ्यातील गर्दी कमी करावी, पाणी तापले की खाद्य आवरावे, पहाटे पाण्याची स्थिती पाहावी, या साध्या गोष्टी आहेत. त्यांना शास्त्रज्ञ लागत नाही, तापमापक लागतो आणि वेळेवर मिळालेला इशारा लागतो. शेतकऱ्यांसाठी हवामान खात्याचा कृषी सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी निघतो. कापसावर काय फवारावे हे त्यात असते तसे तळ्यातील खाद्य केव्हा बंद करावे आणि वळवाच्या आदल्या रात्री काय काळजी घ्यावी, हेही उन्हाळाभर नेमाने असले पाहिजे आणि ते मच्छीमार संस्थांच्या दारापर्यंत गेले पाहिजे.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. वीज सवलतीच्या दराने, कर्ज व विम्याच्या सोयी शेतकऱ्याप्रमाणे, असे त्याचे स्वरूप आहे. निर्णय स्वागतार्ह आहे. पण माशाला शेतकऱ्याच्या पंक्तीला बसविताना त्याची भूक वेगळ्या वेळी लागते, हे ध्यानात ठेवावयास हवे. शेतकऱ्याची वर्षानुवर्षांची मागणी दिवसा वीज मिळावी ही होती आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा रोख तोच आहे. रात्री-अपरात्री पंप सुरू करण्यासाठी साप-विंचवांच्या रानात जाणे ज्याच्या नशिबी होते, त्याला तो न्यायच आहे. परंतु तळ्यातील पाणी घुसळून त्यात हवा भरणारे यंत्र नेमके मध्यरात्रीनंतर चालावे लागते. दिवसा मिळणारी स्वस्त वीज गव्हाला पाजता येते. रोहूचा जीव जातो तो पहाटे चार वाजता, तेव्हा तारेत वीज नसेल तर कृषीचा दर्जा कागदावरच राहील. तळ्यांच्या वाहिन्यांसाठी उन्हाळ्यातील रात्रीच्या पुरवठ्याची वेगळी तरतूद आवश्यक आहे.

नुकसानभरपाईचेही तसेच. पीक जळाले तर ते शेतात आठवडाभर उभे असते. तलाठ्याला सवडीने पंचनामा करता येतो. पहाटे मेलेला मासा त्याच दिवशी सायंकाळपर्यंत सडतो; तो पुरावा म्हणून राखणे म्हणजे गावाला रोगराई आणणे. मच्छीमाराने मासे पुरले तर पुरावा गेला आणि ठेवले तर गाव उठले. तेव्हा पंचनाम्याची रीत बदलली पाहिजे. पाण्याच्या तापमानाची व प्राणवायूची रोजची नोंदवही संस्थेने ठेवावी आणि तीच विम्याला व सरकारला ग्राह्य धरावी. ज्या राज्यात सहकारी संस्थांची दप्तरे इतकी नीट लिहिली जातात, तेथे ही एक वही जड होऊ नये.

हे सर्व आर्जव कशासाठी, असे कोणी विचारील. तळ्यातील मासा ही गरिबाने गरिबासाठी पिकविलेली वस्तू आहे. ती पिकविणाऱ्या ढिवराकडे सात-बारा नाही, म्हणून पाण्याच्या बैठकीत त्याला खुर्ची नाही. आणि ती खाणाऱ्याची चव समुद्राकडे लागलेली, म्हणून बाजारात तिला मान नाही. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी माशांना संप्रेरक देऊन बंदिस्त पाण्यात वीण घडविण्यात यश मिळविले आणि नदीच्या लहरीवर अवलंबून असलेले बीज माणसाच्या हाती आले. त्या दिवशी या देशाने माशाला तळ्यात बोलावून घेतले. तो स्वतःहून आलेला नाही. नदीतला मासा पाणी तापले की खोल डोहाकडे निघून जातो. तळ्यातील माशाला जाण्यास जागा नाही. ज्याची वाट आपण बंद केली, त्याच्या निवाऱ्याची जबाबदारीही आपल्याच माथी येते.

पुढच्या उन्हाळ्यात ती छोटी बातमी पुन्हा येईल. तेव्हा वाचकांनी विष कोणी घातले हे विचारण्याआधी त्या तळ्यात पाणी किती हात उरले होते आणि ते तसे उरविण्याचा हुकूम कोणाचा होता, हे विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत पाठविलेल्या बाटलीत सापडणार नाही. ते पाटबंधारे कार्यालयाच्या नोंदवहीत लिहिलेले असते.